माझ्या तोंडची कबुली

आमच्या गुजर लोकांत भाटाची वही खोटं बोलत नाही असं मानतात. मी मानत नाही. भाट पोटासाठी काय वाटेल ते गाईल. पण त्याला दिलेला गोऱ्हा तो सात पिढ्या विसरणार नाही, एवढं मात्र खरं. माझ्या माहेरची लबाडी बाहेर पडली ती त्या एका तांबड्या गोऱ्ह्यामुळे.

नीट सांगते. मी सिंधू. माहेर तापीच्या काठावर, सासर शहाद्याजवळ. माझा बाप नवल, मी आठ वर्षांची असताना पटकीनं गेला. मागे राहिलो मी आणि माझी माय, तापीबाई. तेव्हापासून सत्तावीस वर्षं माय तिच्या जेठाच्या घरात राहते. जेठ म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ, धुडकू. त्यांना मी मोठेबाबा म्हणते.

मोठेबाबांवर माझा फार जीव होता, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बाप कसा दिसायचा ते मला आठवत नाही. बाप म्हटलं की मोठेबाबांचंच पागोटं डोळ्यांपुढे येतं. त्यांनी मला शाळेत घातलं. त्या काळात गुजराच्या कोणत्या पोरीच्या हातात पाटी होती, सांगा. चुनीलाल, त्यांचा मुलगा, पाटी फोडून घरी यायचा आणि मी चौथीपर्यंत शिकले. माझं लग्नही त्यांनीच लावलं. ते म्हणायचे, "तुझा बाप माझ्यातच एकत्र होता, पोरी. वेगळं त्याचं काही नव्हतं. पण म्हणून मी तुम्हा मायलेकींना टाकलं का?" मी म्हणायची, नाही, मोठेबाबा. आणि मनापासून म्हणायची.

माय मात्र त्यांच्याविषयी चांगलं बोलायची नाही आणि वाईटही बोलायची नाही. आमच्यात बाई जेठासमोर बोलत नाही. पदर छातीपर्यंत, पाय दाराच्या आत, आणि काही सांगायचंच झालं तर जवळच्या पोराच्या कानात सांगायचं. मग त्या पोरानं मोठ्यानं सांगायचं. सत्तावीस वर्षं एका छपराखाली राहून मोठेबाबांनी माझ्या मायचा आवाज ऐकला नव्हता. माझं लग्न होईपर्यंत तिचं तोंड म्हणजे मी.

अलीकडे घर चुनीलालच्या बायकोच्या हातात गेलं. कोकिळा तिचं नाव. नावाचं काही खरं नसतं. "बसून खाणारं तोंड," असं ती मायला ऐकू जाईल असं म्हणायची, आणि माय पहाटे चारला उठून तिच्या सहा म्हशींचं शेण काढायची. यंदा घराची मागची भिंत पाडायची निघाली, तर मायची खाट कोकिळेनं कडब्याच्या खोलीत टाकली. मी दिवाळीला गेले तेव्हा ते पाहिलं. माझ्या जिभेला हाड नाही, हे गावाला माहीत आहे, पण त्या दिवशी मी गप्प बसले. कोणत्या तोंडानं भांडायचं? भाकरी त्यांची, छप्पर त्यांचं. माय दयेवर होती आणि दयेवरच्या माणसाला कोपरा मागता येत नाही.

दिवाळी झाल्यावर चार दिवसांनी भाट आला.

आमचा भाट गुजरातेतून येतो, चार-पाच वर्षांतून एकदा. पाटावर वही ठेवतो, उदबत्ती लावतो, आणि पावागडच्या बाजूनं आलेल्या पहिल्या पुरुषापासून नावं वाचतो. कुळातले पुरुष समोर, बायका दाराआड. त्या वहीत मुलींची नावं नसतात, त्यामुळे मला तिचं काही कौतुक नाही. पण एक गोष्ट भाट चुकवत नाही. कोणी त्याला कधी काय दिलं, ते तो नावाबरोबर लिहून ठेवतो आणि मुद्दाम मोठ्यानं वाचतो, म्हणजे पुढच्या पिढीला कमी द्यायची लाज वाटावी.

तर तो वाचत आला. "वल्लभ पटेल, त्यांचे पुत्र दोन, धुडकू आणि नवल. संवत एकोणीसशे चौसष्ट, नवलभाई वाटणी घेऊन वेगळा निघाला, नदीकडचा मळा त्याच्या वाट्याला आला. त्या मळ्यात आंब्याखाली भाटाला जेवण घातलं आणि एक गोऱ्हा दिला. तांबडा."

"पुढं वाच, पुढं," मोठेबाबा म्हणाले. त्यांनी भाटाकडे पाहिलं नाही, दाराकडे पाहिलं.

भाट पुढे गेला. मी तिथंच राहिले. वाटणी घेऊन? वेगळा?

मी उठले आणि कडब्याच्या खोलीत गेले. माय वाती वळत बसली होती. मी विचारलं, "माय, तू भाटाले मळामा जेवण करी घालेल व्हतं का?"

"व्हई," ती म्हणाली. असेल.

"मग मळा आपला होता."

"व्हता तं व्हता. जाऊ दे व पोरी." आणि तिनं तोंड भिंतीकडे केलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. जाऊ दे काय? बापाचा मळा होता तर माय इतकी वर्षं स्वतःचंच खात होती. बसून खाणारं तोंड कोण होतं मग? मी ठरवलं, सरकारी कागदात बापाचं नाव शोधून काढायचं आणि ते कोकिळेच्या चुलीपुढे वाचून दाखवायचं. मायला त्या कडब्यातून मानानं बाहेर काढायचं होतं, दुसरं काही नाही.

दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडे गेले. तो मोठेबाबांच्याच ओट्यावर सुपारी खाणारा. म्हणाला, "जुनी दप्तरं शहाद्याला गेली, ताई. नंबर काय जमिनीचा?"

"नदीकडचा आंब्याचा मळा."

"सरकार आंब्याला ओळखत नाही. सर्व्हे नंबर आणा."

मग मी मळ्यात गेले. तिथं खात्या होता, माझ्या बापाचा जुना सालदार गडी, काठी गावाकडच्या डोंगरातून तरुणपणी खाली आलेला भिल्ल. बाप गेला तसा तो मळ्याबरोबर मोठेबाबांकडे गेला. आता त्याला धड दिसत नाही, तरी राखणीला तोच. मी त्याला विचारलं, मळ्याचा नंबर कोणाला ठाऊक असेल. तो हसला. म्हणाला, "दगडले इचार. मोजणीनी साखळी मीच धरेल व्हती. दगड बी मीच गाडेल शे."

बांधाच्या कोपऱ्यात बोरीच्या जाळीत दगड होता. खात्यानं कोयत्यानं काटे बाजूला केले, मी नखांनी माती काढली. आकडा निघाला, ८७. मला वाचता आला, कारण मोठेबाबांनी मला शाळेत घातलं होतं. मला त्या क्षणी त्यांची थोडी दयाही आली, खोटं कशाला सांगू.

"मळा कोणाचा रे, खात्या?"

"नवलभाऊना. गावमा सगळासले मालूम शे."

"मग मला कोणी का नाही सांगितलं?"

खात्यानं आपले धुरकट डोळे माझ्याकडे वळवले. मग म्हणाला, "तुले नही मालूम?" आणि कोयता उचलून चालता झाला. मला वाटलं, म्हातारा मोठेबाबांना भितो.

शहाद्याच्या कचेरीत मला दोन फेऱ्या पडल्या. नवरा म्हणाला, कशाला जुनं उकरतेस. मी म्हटलं, तुमची आई कडब्यात झोपते का? मग तो गाडी जुंपून बरोबर आला आणि कचेरीच्या निंबाखाली बैलांना पेंढी टाकून बसला. रेकॉर्डाचा कारकून कोरड्या स्वभावाचा, पण माणूस सरळ होता. अर्ज घेतला, तिकीट लावून घेतलं, आणि तिसऱ्या प्रहरी तांबड्या रुमालात बांधलेलं दप्तर काढून आणलं. धूळ झटकली तेव्हा दोघंही खोकलो. आतलं सगळं मोडी. मला बाळबोध येतं, मोडीचं अक्षर लागत नाही. तेव्हा तोच वाचायला बसला, बोट ठेवून, एकाच सुरात.

"सर्व्हे नंबर सत्त्याऐंशी. सन एकोणीसशे आठ. वाटणीने नवल वल्लभ याचे नाव लावले. शेतसारा स्वतंत्र भरतो."

सरकारच्या कागदात माझा बाप होता, चांगला जिवंत, स्वतःचा सारा स्वतः भरणारा. मी म्हटलं, एवढीच नक्कल द्या. तो म्हणाला, "थांबा, खाली आणखी एक नोंद आहे." आणि त्याच सुरात वाचू लागला.

"सन एकोणीसशे अकरा. नवल वल्लभ मयत. विधवा तापीबाई हिजला राहते घरी ओट्यावर विचारणा केली. बाई जेठासमक्ष बोलत नसल्याने दाराआडून मुलगी सिंधू, वय वर्षे आठ, हिचे मार्फत जबाब घेतला. मयत हा जेठाशी पुन्हा एकत्र झाला होता, व जेठ धुडकू वल्लभ याचे नाव लावण्यास आपली कबुली आहे, असे मुलीचे तोंडून सांगितले. सबब नाव लावले."

कारकून थांबला. त्यानं अर्जावरचं माझं नाव पाहिलं, मग मला पाहिलं. मग उगाच दौतीचं झाकण लावत बसला.

परतीच्या वाटेवर नवऱ्याला म्हटलं, गाडी थेट माहेरी घ्या. सगळा राग मायवर होता. तिनं दिला. स्वतःच्या राजीखुशीनं दिला. माझ्या बापाचा मळा जेठाच्या ओटीत टाकला, आणि मला जन्मभर पोरकी, उपकाराची पोर म्हणून वाढू दिलं. मोठेबाबांनी घेतला, हे खरं. पण कोणी दिलं तर कोण घेत नाही?

कडब्याच्या खोलीत गेले आणि नक्कल तिच्या पुढ्यात टाकली. "कबुली दिलीस तू? काय बघून दिलीस? मला एकदा विचारायचं तरी, मोठी झाल्यावर सांगायचं तरी. तूच आपल्या पायानं कडब्यात येऊन पडलीस, आणि मी इथं तुझ्यासाठी कचेऱ्या झिजवतेय." आणखीही बरंच बोलले. ते लिहिण्यासारखं नाही.

मायनं सगळं ऐकून घेतलं. तिला वाचता येत नाही. तिनं कागदावर नुसता हात ठेवला आणि विचारलं, "काय लिखेल शे? मी काय म्हने?"

"हा म्हणालीस. कबुली आहे म्हणालीस."

"मी तुन्हा कानमा नही सांगेल व्हतं," माय म्हणाली. "तू हा म्हनी."

ती रागानं बोलली नाही. भाजीत मीठ पडलंय म्हणावं, तसं बोलली.

मला आधी वाटलं, म्हातारीला भ्रम झालाय. मी सांगणारच होते की असं काही झालं नाही. पण मग मला पाटी आठवली. पाटी मला नेहमीच आठवायची, निळ्या चौकटीची, शहाद्याहून आणलेली. तिच्या आदल्या दिवशीचं काही आठवत नाही, असं मी शपथेवर सांगितलं असतं. आता आठवलं. गोठ्यात मोठेबाबा माझ्यापुढे उकिडवे बसले होते. म्हणाले, साहेब येतोय, तुझ्या मायला विचारील. तुझी माय लाजेल, नाही म्हणेल. बायका आधी नाहीच म्हणतात. पण तिच्या मनात हा आहे. तू हा म्हण. उद्या तुला पाटी आणतो, तूही चुनीलालबरोबर शाळेत जा.

मग ओटा. खाटेवर टोपीवाला साहेब, शेजारी कुलकर्णी, मोठेबाबा, गावची चार माणसं, खाली खात्या. दाराआड माय. तिनं माझा दंड धरला होता. साहेबानं विचारलं, कुलकर्ण्यानं मला समजेल असं विचारलं. माय माझ्या कानाशी वाकली. तिचा श्वास गरम होता, आणि ती म्हणाली, नही. नही सांग. मी ओट्यावर तोंड वळवलं, आणि गावच्या चार माणसांत मोठ्यानं म्हणाले, "माय हा म्हनस."

तिनं माझा दंड आणखी घट्ट धरला. पण ती बोलली नाही. जेठ समोर होता, ती बोलणार कशी?

"मला सांगायचं होतंस, माय," मी म्हटलं. "नंतर तरी."

"काय सांगू? तू पाटी छातीशी धरी नाची ऱ्हायनी व्हती." थोडा वेळ ती कागदावरून हात फिरवत राहिली. मग म्हणाली की चार वर्षं ती माझ्याशी नीट बोलली नव्हती. माझे केस विंचरताना तिला वाटायचं, हे डोकं भिंतीवर आपटावं. मला ते कळलंही नाही. मी समजत होते की बाप गेल्याचं दुःख आहे.

मोठेबाबांनी मायचा मळा घेतला, तो घेतलाच. पण त्यांनी तो माझ्या तोंडून घेतला, आणि वर मला आयुष्यभर त्याच तोंडानं त्यांचं गुणगान करायला लावलं. सगळं गाव जाणत होतं. खात्या जाणत होता. एक मीच काय ती शहाणी, चौथी शिकलेली.

मी कागद उचलला आणि ओट्यावर गेले. मोठेबाबा खाटेवर होते, चुनीलाल बाजूला उभा. कचेरीची बातमी माझ्या आधी पोचली असणार, कारण कागद पाहून कोणालाच नवल वाटलं नाही.

"मोठेबाबा," मी म्हटलं, "तुम्ही मला काय शिकवलं होतं गोठ्यात?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बहात्तर वर्षांचा माणूस, पण नजर हलली नाही. "मी काय केलं? चार माणसांत तूच हा म्हणालीस, पोरी. कागदावर तुझंच नाव आहे, माझं आहे का?" मग आवाज मऊ करून म्हणाले, "शिकवलं म्हणूनच आज कागद शोधता आला ना तुला?"

मला वाटलं होतं ते कानावर हात ठेवतील, निदान खोटं बोलतील. खोटं बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या मते त्यात लपवण्यासारखं काही नव्हतंच. पाटी दिली, मळा घेतला, व्यवहार पुरा झाला. आणि मी त्यांना बाप समजत होते.

"मी प्रांताकडे अर्ज करणार आहे," मी म्हटलं.

"सत्तावीस वर्षांनी?" चुनीलाल हसला. मोठेबाबांनी हातानं त्याला गप्प केलं. ते म्हणाले, "अर्ज तुझा नाही, तुझ्या मायचा लागेल. तिला विचार. अर्ज केला तर या घरात आजपासून तिला भाकरी नाही, कडबाखोलीही नाही. नाही केला तर कोकिळेला सांगून मी तिची खाट माजघरात घेतो. आहे तसं चालू द्यायला ती कबूल आहे का? तुन्ही मायले इचार."

माय दाराआड येऊन उभी होतीच. पदर छातीपर्यंत, पाय उंबऱ्याच्या आत. पस्तिशीची मी, दोन लेकरांची आई, जाऊन तिच्याजवळ उभी राहिले. तिनं माझा दंड धरला. त्याच जागी धरला. मी खाली वाकले, कारण आता माय माझ्यापेक्षा ठेंगणी झाली आहे. ती माझ्या कानात एकच शब्द बोलली.

मी ओट्याकडे तोंड केलं. कोकिळा चुलीपासून उठून आली होती, खात्याही अंगणात येऊन टेकला होता. मोठेबाबा वाट पाहत होते. त्यांना हा ऐकायची सवय होती.

"माय नही म्हनस, मोठाबाबा," मी म्हणाले. "तव्हा बी नहीच म्हनेल व्हती."